स्वार्थाची प्रतवारी करणारे आमचे व्याही

लोकांना नावं ठेवताना आमच्या व्याह्यांनी घेतली तेवढी काळजी पुण्यात आजवर कुणीही घेतलेली नाही. पुण्यात राहून असं विधान करणं धाडसाचं आहे, याची मला कल्पना आहे. मी नारायण पेठेत जन्मलो आणि अजून तिथेच राहतो. आमच्याकडे नवा भाडेकरू सामानासकट जिना चढून वर पोचेपर्यंत त्याला नाव पडलेलं असतं. पण आम्ही नावं ठेवतो ती हाताला लागतील तशी. व्याह्यांचं तसं नव्हतं. एखाद्याला स्वार्थी म्हणायची वेळ आली, की ते आधी थांबत, चष्मा काढून पुसत, समोरच्या भिंतीकडे बघत आणि मग म्हणत, "स्वार्थी नको म्हणायला. अन्याय होईल. तो मतलबी आहे." ज्याच्यावरचा अन्याय त्यांनी असा टाळला, तो माणूस पुन्हा त्यांच्याशी बोलत नसे, हा भाग वेगळा. गेल्या हिवाळ्यात व्याही गेले. ते कशाने गेले हे सांगायला एक वाक्य पुरेल, पण कसे गेले हे सांगायचं तर ते कसे होते तिथून सुरुवात करावी लागेल.

ते एका बँकेत राजभाषा अधिकारी होते. म्हणजे वरून इंग्रजीत आलेलं परिपत्रक हिंदीत करायचं, ते हिंदी वाचून कुणालाच काही कळत नसे म्हणून सगळ्यांनी पुन्हा इंग्रजी वाचायचं, आणि या व्यवस्थेतली मधली खुर्ची त्यांची. नोकरीत बदल्या झाल्या त्या अहमदाबाद, लखनौ, धारवाड, पणजी अशा. बदलीच्या गावाहून माणसं साड्या आणतात, मिठाई आणतात, निदान तिथल्या पाण्याच्या तक्रारी तरी आणतात. व्याही प्रत्येक गावाहून स्वार्थाचा एकेक शब्द घेऊन आले. अहमदाबादेत त्यांना 'एकलपेटो' भेटला. हा आपल्या अप्पलपोट्याचा सख्खा भाऊ, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं आणि मी ते बोलून बसलो. माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती, समोर पोहे होते. व्याह्यांनी चमचा खाली ठेवला. "अहो, सख्खा कसला? अप्पलपोट्या पंगतीत बसतो. आपल्या ताटात आधी ओढून घेतो, पण बसतो चारचौघांत. त्याला भूक आवरत नाही, एवढाच त्याचा गुन्हा. एकलपेटो दार लावून खातो. भूक नसली तरी एकटाच खाणार. दोघांना एकाच मापाने मोजलंत तर पहिल्याला उगाच फाशी होईल." मुलीचं लग्न जमतंय की मोडतंय या विवंचनेत मी होतो. दोघांपैकी कुणालाही फाशी झाली असती तरी माझी हरकत नव्हती.

लखनौच्या खुदगर्जाबद्दल मात्र त्यांना थोडा आदर होता. तो आपली गरज तोंडावर सांगतो, लाजत नाही, वर अदबीने सांगतो. मतलबी गोड बोलतो आणि काम झालं की ओळख विसरतो. स्वार्थी गोड बोलेलच असं नाही, कारण त्याच्याकडे तेवढा वेळ नसतो. आत्मकेंद्री हा मुळात वाईट नसतोच, त्याला दुसरा माणूस दिसतच नाही. "त्याला चष्म्याचा नंबर काढून द्यायला हवा हो कुणीतरी," असं ते त्याच्याबद्दल कळवळून म्हणत. चिक्कू माणसाला ते या जातीत घ्यायलाच तयार नव्हते. "तो स्वतःलाही काही देत नाही. तो स्वार्थी कसला? तो संन्यासी!" धारवाडने त्यांची निराशा केली, कारण तिथेही लोक आपल्यासारखं स्वार्थीच म्हणत. "संस्कृतने सगळीकडे एकच शिक्का मारून ठेवलाय," असं ते ज्या आवाजात म्हणत, त्या आवाजात लोक महापालिकेबद्दल बोलतात. पणजीत त्यांना 'आपसुवार्थी' मिळाला आणि बदलीचं सार्थक झालं. "स्व आहेच, वर पुन्हा आप. दोन-दोन कुलपं!" इंग्रजीला ते क्षमा करत. "रेडिश म्हणजे लालसर ना? तसं सेल्फिश म्हणजे स्वतःसर. साहेबाने गुन्हा कबूल केला, पण किंचित."

मी एकदा त्यांना विचारलं होतं, की जगात इतके विषय असताना आपल्याला स्वार्थच का सापडला? ते म्हणाले, "प्रेमावर काम करणारे पुष्कळ आहेत. शिवाय प्रेमाबद्दल भाषा वाढवून सांगते. स्वार्थाबद्दल ती मोजून बोलते." हे ऐकल्यावर मी विषय पावसावर नेला. त्यांच्याशी बोलताना बहुतेकांचं असंच होई.

कर्वेनगरला त्यांच्या सोसायटीची वार्षिक सभा होती आणि पार्किंगवरून भांडण पेटलं होतं. एका गृहस्थांची गाडी अशी आडवी लागलेली असायची, की मागच्या कुणालाच बाहेर पडता येत नसे. एकजण उठून ओरडला, "तुम्ही एक नंबरचे स्वार्थी आहात!" ते गृहस्थ शांत बसून राहिले. स्वार्थी हा शब्द त्यांनी बहुधा आधीही ऐकला असावा. तेवढ्यात आमचे व्याही उभे राहिले. "अध्यक्षमहाराज, मी एक दुरुस्ती सुचवतो. यांची गाडी अशी लागते, की ती यांना स्वतःलाही धड काढता येत नाही. यात यांचाही स्वार्थ साधत नाही. तेव्हा यांना आत्मकेंद्री म्हणावं आणि इतिवृत्तात तसं लिहावं." त्यासरशी मात्र ते गृहस्थ ताडकन उठले, आणि त्यांच्यावर ओरडणाराही व्याह्यांवर चिडला, कारण त्याला कष्टाने आलेला राग असा वाया गेला होता. दोघं मिळून व्याह्यांवर तुटून पडले. गाडी दुसऱ्या दिवसापासून सरळ लागायला लागली. विहीणबाई म्हणायच्या, "हे सभेला निघाले, की मी देवापाशी दिवा लावून बसते."

पण या सगळ्या प्रकारांत त्यांचा खरा शत्रू होता तो आग्रह. जेवणातला आग्रह. आपल्याकडे पाहुण्याचं पहिलं नको हे खाकरण्यासारखं असतं, ते कुणी ऐकत नाही. तो ताटावर हात धरतो, यजमानीण हाताच्या कडेने वाढते, तो "अहो, किती!" म्हणतो आणि खातो, आणि दोघांनाही आपलं कर्तव्य केल्यासारखं वाटतं. लग्नानंतर आम्ही व्याहीभोजनाला बोलावलं, तेव्हा माझ्या बायकोने रीतीप्रमाणे जिलबी पुढे केली. व्याही नको म्हणाले. तिने रीतीप्रमाणे ते ऐकलं नाही आणि त्यांच्या आडव्या हातावरच जिलबी ठेवली. व्याह्यांनी हातावरच्या जिलबीकडे पाहिलं. "विहीणबाई, ही आपण माझ्यासाठी वाढताय की आपल्यासाठी?" असं त्यांनी अगदी मनापासून, माहिती हवी म्हणून विचारलं. माझी बायको त्यानंतर त्या दिवशी स्वयंपाकघराबाहेर आली नाही. मला ते नंतर जिन्यात समजावून सांगत होते. "आग्रह करणाऱ्याला समोरच्याची भूक दिसत नाही, त्याला आपलं यजमानपण दिसतं. सगळ्यांत सोज्वळ स्वार्थ हा. इतका सोज्वळ, की कुठल्याच भाषेत पकडला गेला नाही." मी म्हणालो, "बरोबर आहे," कारण मला वर जाऊन बायकोची समजूत घालायची होती.

त्यांच्या घरात त्यामुळे कायदाच होता. विचारायचं ते एकदा, आणि मिळेल ते उत्तर शेवटचं. नको म्हटलेल्या माणसाला पुन्हा विचारणं म्हणजे त्याला खोटारडा म्हणणं, असं त्यांचं म्हणणं. माझी मुलगी नवी नवरी म्हणून त्या घरी गेली आणि पहिल्याच सणाला श्रीखंडाचं भांडं समोर आल्यावर लाजून नको म्हणाली. भांडं पुढे गेलं ते परत आलंच नाही. संध्याकाळी तिचा आईला फोन. "आई, इथे नको म्हणजे खरंच नको असतं गं." तिला श्रीखंड फार आवडतं. पुढे ती शिकली, पहिल्याच फटक्यात हो म्हणायला लागली. आमचा जावई तर त्याच घरात वाढलेला. पुन्हा विचारणं नावाची गोष्ट जगात असते, हेच त्याच्या गावी नव्हतं.

हे वाचून व्याही कोरडे होते असं कुणाला वाटेल, तर तसं मुळीच नव्हतं. हो म्हणणाऱ्यासाठी ते जीव टाकत. माझ्या बायकोचा पाय मोडला तेव्हा त्यांचा फोन आला, "मदत हवी आहे का?" माझ्या तोंडाशी "छे, छे, आपण कशाला" आलं होतं. ते गिळून मी "हो" म्हणालो. प्लास्टर निघेपर्यंत हा माणूस कर्वेनगरहून बस बदलत, हातात डबा घेऊन रोज नारायण पेठेत आला. डबा देऊन निघून गेला असंही नाही. पलंगाशेजारी खुर्ची ओढून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवी, आणि प्रत्येक बातमीतला माणूस कुठल्या प्रकारात बसतो ते सांगे. जिलबीची अढी तेव्हा सुटली. "तुमचे व्याही वेडे आहेत, पण त्यांच्यासारखं कुणी केलं नाही हो," असं ती मला म्हणाली.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. दोन्ही. साखर नाही, दारू नाही, तंबाखू नाही, नुसता रक्तदाब, तोही त्यांनी बरीच वर्षं अंगावर काढलेला. दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. जावयाचं ऑफिस हिंजवडीला, विहीणबाईंचे गुडघे दुखणारे, मी निवृत्त. त्यामुळे रिक्षाने त्यांना नेणं-आणणं माझ्याकडे आलं. हाताच्या शिरेत जाड सुया, शेजारी ते घरघरणारं यंत्र, आणि त्या हॉलमध्ये ओळीने पडलेली, छताकडे बघणारी माणसं. पाणी मोजून प्यायचं. ओठ सुकायचे, ते जिभेने ओले करत बोलत राहायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, "देवाने किडन्या दोन दिल्या आणि पुरते एक. म्हणजे कुणीतरी एक दिवस मागणार, हे त्याने धरूनच ठेवलंय." बोलून झाल्यावर बहुधा त्यांनाच ते वाक्य कुठे चाललंय ते दिसलं, कारण त्यांनी लगेच सिस्टरला किती वाजले ते विचारलं.

डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, की हे असं फार काळ चालणार नाही, हृदय थकत चाललंय. किडनी बसवली तर चांगली वर्षं मिळतील. प्रतीक्षायादीत नाव लावू, पण ती यादी लांब आहे, घरातलं कुणी असेल तर उत्तम. विहीणबाई लगेच म्हणाल्या, "माझी घ्या." पण त्यांना मधुमेह, त्यांचं नाव तिथेच बाद झालं. मुलगा एकच. रक्तगट बापाचाच. सगळ्यांनी एकदा जावयाकडे पाहिलं, आणि मग आपण पाहिलं हे लक्षात येऊन सगळे दुसरीकडे बघायला लागले.

त्याच आठवड्यात माझी मुलगी आमच्याकडे आली आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली. "अप्पा, मला नाही वाटत त्याने द्यावी. मी हे कुणाला बोलू? पोरगी अजून शाळेतही नीट जात नाहीये. डॉक्टर म्हणतात सेफ आहे. सेफ म्हणजे काय, अप्पा? टेबलवर तर तोच झोपणार ना?" मी विचारलं, "तू त्याला देऊ नको म्हणालीस का?" "नाही. मी काहीच म्हटलं नाही. मी रडले फक्त." आता रडण्याने काय सांगायचं राहतं? पण मी तसं बोललो नाही. ती माझ्यासमोर घाबरून उभी होती आणि मला तिची दया येत होती.

पुढच्या रविवारी आम्हा नवरा-बायकोला कर्वेनगरला जेवायला बोलावलं होतं. व्याह्यांच्या ताटात बिनमिठाचं वेगळं वाढलेलं. अर्धं जेवण झाल्यावर जावई ताटाकडे बघत म्हणाला, "बाबा, मी टेस्ट करून घेतो. माझी घ्या." खाली बघूनच म्हणाला. व्याह्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "नको." बस. विहीणबाईंचा हात पोळीच्या डब्यावर थांबला होता, तो हलला. जावयाने भात कालवला. माझ्या मुलीने इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला, तो मला शेजारी बसून ऐकू आला, आणि मला वाटतं टेबलावरच्या सगळ्यांनाच आला. त्या घरात प्रश्न एकदा विचारला गेला होता आणि उत्तर एकदा मिळालं होतं. कायदा पाळला गेला.

दुसऱ्या कुणाच्या घरी हे असं झालं असतं का? आमच्या पेठेत बापाचं नको ऐकून मुलगा गप्प बसला असता, तर काका, मामा, आत्या सगळे मिळून बापाच्या मागे लागले असते, रडारड झाली असती, शपथा घातल्या गेल्या असत्या आणि बापाला शेवटी ऑपरेशन टेबलवर ओढत नेलं असतं. आम्हाला ते पिढ्यान् पिढ्यांचं वळण आहे. या घराला नव्हतं.

दिवस जाऊ लागले तशा विहीणबाई वाळत चालल्या. एकदा डायलिसिसच्या हॉलमध्ये, नवऱ्याच्या पलंगाशेजारी उभ्या असताना, त्यांनी माझ्याकडे वळून सरळ म्हटलं, "तुमची मुलगी स्वार्थी निघाली हो." इतक्या वर्षांत या बाईंनी माझ्या मुलीला लागेल असं अक्षर काढलं नव्हतं. माझी मुलगी म्हणून मला राग आला, आणि समोर यंत्राला लावलेला त्यांचा नवरा होता म्हणून तो बोलता आला नाही. मी व्याह्यांकडे पाहिलं. मला वाटलं, आता चष्मा निघेल, ते भिंतीकडे बघतील आणि म्हणतील, स्वार्थी नको म्हणायला, अन्याय होईल. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी ओळखत असल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी तो शब्द तसाच जाऊ दिला.

परतताना रिक्षात आम्ही दोघंच होतो. विहीणबाई औषधं घ्यायला मागे थांबल्या होत्या. कर्वे रस्त्याला नेहमीप्रमाणे सगळं अडकलेलं. व्याही बाहेर बघत म्हणाले, "व्याही, त्या दिवशी मी नको म्हणालो."

"हो. मी होतो ना तिथे."

"कुणी काही बोललं नाही."

"आपलाच नियम," मी म्हणालो. माझ्या आवाजात थोडा राग असणार.

"नियम माझाच आहे. चांगला नियम आहे." रिक्षा थोडी पुढे सरकली आणि पुन्हा थांबली. "पण एकदा पुन्हा विचारायला हवं होतं हो."

मी त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस जन्मभर दुसऱ्यांच्या स्वार्थाला नेमका शब्द शोधत राहिला होता. आता त्याला स्वतःला काय हवं होतं ते त्याने अगदी साध्या मराठीत सांगितलं होतं.

हे मुलीपाशी बोलावं की नाही, हा प्रश्न मला फार वेळ पडला नाही. बोललो. ती ओट्यापाशी तशीच उभी राहिली आणि तिने टपकणारा नळ घट्ट बंद केला. मग म्हणाली, "मी विचारते. त्याने विचारलं, तर तो पुन्हा खाली बघूनच विचारेल." जावयाने मधल्या काळात गुपचूप तपासण्या करून घेतल्या होत्या, हे मला तेव्हा तिच्याकडून कळलं. जुळत होतं. तिला ते माहीत होतं आणि ते माहीत असून ती रोज त्या घरात स्वयंपाक करत होती, सासऱ्यांच्या औषधांच्या वेळा सांभाळत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं का आलं होतं, ते मला त्या दिवशी समजलं.

शनिवारी सकाळी मी त्यांना न्यायला गेलो होतो. व्याही चपला घालायला खुर्चीवर बसले होते. मुलगी बाहेर आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. "बाबा, त्याचं मॅच होतंय. त्याची तयारी आहे. मी आडवी येणार नाही. घ्या."

व्याह्यांनी मान वर केली. तिच्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "सूनबाई, भीती वाटते?"

"हो."

"फार?"

"फार," ती म्हणाली, आणि तिने डोळे पुसले नाहीत, तशीच उभी राहिली.

"नको," व्याही म्हणाले. इतक्या मायेने नको म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही. मग ते वाकून चपला घालायला लागले, त्यांना पट्टा लागेना, तेव्हा तिने खाली बसून तो लावून दिला.

त्या दिवशी डायलिसिसच्या हॉलमध्ये त्यांची स्वारी खुशीत होती. सुई टोचणाऱ्या सिस्टरला त्यांनी सांगितलं, "आज मला दुसऱ्यांदा विचारलं बरं का." तिला काय कळणार? ती म्हणाली, "हात हलवू नका, आजोबा." मला मात्र राहवलं नाही. मी जवळजवळ ओरडलोच, "मग हो का नाही म्हणालात? आपल्यालाच हवं होतं ना?"

"मला कुणीतरी विचारायला हवं होतं, एवढंच," ते म्हणाले. "सगळं आहे ते स्व केवढा, यावर आहे बघा. अप्पलपोट्याचा स्व त्याच्या पोटाएवढा. सूनबाईच्या स्वमध्ये नवरा आहे, मुलगी आहे. चांगला ऐसपैस आहे. माझ्यापर्यंत येईना, तर आज तिने तो ताणून आणला. आणखी ताणायला लावला तर फाटेल. तेव्हा तुमच्या विहीणबाई म्हणतात तो शब्द बरोबर आहे. स्वार्थीच आहे पोरगी. असावं तिने."

त्यांनी जिभेने ओठ ओले केले. मला वाटलं, झालं बोलून. पण ते माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "मला जगायचंय हो, व्याही. सकाळी डोळा उघडला की पहिलं तेच येतं मनात. नात मोठी झालेली बघायचीय. कधीकधी वाटतं, मुलाचं काय व्हायचं ते होवो, पण मला जगायचंय. याला कुठला शब्द लावायचा, सांगा."

मी त्यांचा सुया नसलेला हात धरून बसलो. हात गार होता. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. त्यांच्यासारख्या माणसाने असा हात धरू द्यावा, याचंच मला रडू येत होतं.

थंडी सुरू झाली आणि एका सकाळी ते गेले. मी खाली रिक्षा थांबवून त्यांची वाट बघत होतो. वरून जावयाचा फोन आला. रिक्षावाल्याने विचारलं, "काका, येतायत का?" मी नाही म्हणालो.

विहीणबाई आता मुलगा-सुनेबरोबरच आहेत. दोघी एकमेकींना सांभाळून असतात, दुपारी नातीला शाळेतून आणायला एकत्र जातात. विहीणबाईंनी तो शब्द पुन्हा कधी काढला नाही आणि मागेही घेतला नाही. माझं म्हणाल, तर कुणी कुणाला स्वार्थी म्हटलं की मी अजून थांबतो, आता पुढे दुरुस्ती येईल म्हणून. ती येत नाही. लोक एकच शब्द सगळ्यांना लावत सुटतात, आणि मला तो माणूस फार हवासा वाटतो.

परवा मुलगी आमच्याकडे आली होती. तिची आई देवळात गेली होती. चहा घेता घेता तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "अप्पा, मी तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं का? हो म्हणाले असते का बाबा?"

मी एक क्षणही घेतला नाही. "नाही गं. नकोच म्हणाले असते."

ती मान हलवून चहा प्यायला लागली. खरं काय ते मला ठाऊक नाही, आणि ती माझी मुलगी आहे.